पेजनं विचारलं

एम.ए.च्या दुसऱ्या वर्षी विभागानं आम्हाला प्रोजेक्ट दिला: इन्स्टाग्रामवरून विद्यार्थ्यांमध्ये नैराश्याविषयी जागृती. माझं मराठी शुद्ध समजलं जायचं, म्हणून पेज माझ्या गळ्यात पडलं. मी ‘नैराश्याची दहा लक्षणे’ टाकली, मागे सूर्यास्त लावून. प्रोजेक्टच्या सरांनी अनुस्वार तपासून लाइक केलं. दुसरं लाइक माझं होतं.

महिनाभर एकही मेसेज आला नाही. माझं डोकं तापलेलंच असायचं आणि होस्टेलच्या खोलीत राग काढायला एकच माणूस होतं. माझी रूममेट, नागपूरजवळच्या सावनेरची. ती हल्ली दिवसभर पलंगावरच असायची.

“नुसती लोळून राहिली. एखादी पोस्ट तरी शेअर कर ना,” मी म्हणाले.

तिनं शेअर केली. मग म्हणाली, “नैराश्य कोण म्हणते वं? काही कराले मन नाही लागत, असं म्हणतात.”

सल्ला चांगला होता, म्हणून मी तो माझ्या नावावर खपवला. नवी पोस्ट टाकली: ‘काही कराले मन नाही लागून राहिलं? आमाले सांगा.’ सरांनी या वेळी लाइक केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी, फोटो नसलेल्या अकाउंटवरून, पहिला मेसेज आला. “मले भूक नाही लागत. आंघोळीचा पण कंटाळा येते. झोपून उठली का अजून झोपावं वाटते.”

मला आनंद झाला. खोटं कशाला सांगू? तयार ठेवलेलं उत्तर लगेच पाठवलं: ‘आपण एकटे नाही आहात.’ शेजारच्या पलंगावर पांघरुणात फोन वाजला. मी दुसरं उत्तर पाठवलं: ‘आपल्याशी बोलायला जवळ कोणी आहे का?’ तो पुन्हा वाजला.

मी उठून तिच्या पायथ्याशी बसले.

“मले काहून नाही सांगितलं?”

“तू कुठं विचारलं? पेजनं विचारलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ती मात्र पाय आखडून मला नीट बसायला जागा करून देत होती.

समुपदेशन कक्षाचा पत्ता आमच्या प्रत्येक पोस्टखाली असायचा. तो प्रत्यक्षात शोधायला आम्हाला अर्धा तास लागला. आतल्या मॅडमनी तिला विचारलं, “शेवटचं पोटभर कधी जेवलीस?” तिला आठवेना. तिनं माझ्याकडे पाहिलं. पेजचे फॉलोअर किती, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. हे सांगता आलं नाही.