गोरा बातमीदार कुठं गेला? ओहायोतला एक शनिवार

आमच्या ह्यांच्याशी लग्न करून मी तंबूत आले, असं मी नेहमी म्हणते. म्हणजे घर होतं विट्याला, पण हे होते फिरत्या सिनेमाचे ऑपरेटर. आज म्हसवडची जत्रा, उद्या आटपाडीची. मशीन ह्यांचं, तुटलेल्या रिळाचे जोड माझे. ब्लेडनं टोक खरवडायचं, औषध लावायचं आणि श्वास रोखून दाबून धरायचं. शाळा सातवीपर्यंतच झाली माझी, पण फिल्म कुठं कापलीय आणि कुठं नाही, ते मला बोट फिरवून कळायचं.

त्या काळात एक जपानी राक्षसाचा सिनेमा आमच्याकडे वर्षानुवर्षं फिरत होता. समुद्रातून डोंगराएवढं जनावर येतं आणि अख्खं शहर तुडवून जातं. बोलणं बहुतेक इंग्रजी. गावात इंग्रजी कुणाला कळणार? मग मशीन सुरू करून हे माईक हातात घेत आणि मराठीत गोष्ट सांगत. त्यात एक गोरा बातमीदार होता, तो ह्यांचा हुकमी एक्का. "आता आपला बातमीदार म्हणतोय, पळा रे पळा!" असं हे म्हणाले की पुढच्या रांगेतली पोरं खरंच उठून उभी राहायची.

आता आम्ही अमेरिकेत नोव्हायला मुलाकडे, नितीनकडे असतो. तो मोटारींच्या कंपनीत इंजिनियर आहे. मी टीव्हीवर खाली येणाऱ्या अक्षरांवरून इंग्रजी शिकले, लायब्ररीतून लहान मुलांची पुस्तकं आणून वाचली. ह्यांनी नाही म्हणजे नाही. "या वयात नवी जीभ कुठून आणू?" म्हणतात. त्यामुळे दुकान असो, बँक असो की शेजारी, ह्यांचं बोलणं नितीनच्या तोंडून जातं. दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी प्यायचं, पण ओंजळ पोटच्या पोराची, म्हणून कधी जड वाटलं नव्हतं.

नात सई कॉलेजात आहे. आजोबांच्या राक्षसाच्या गोष्टी ऐकत मोठी झाली. तिनं फोनवर जाहिरात पाहिली: ओहायोतल्या एका छोट्या गावात जुनं थिएटर आहे, तिथं ऑक्टोबरातल्या एका शनिवारी हाच सिनेमा. सकाळी एक खेळ, दुपारी एक, मध्ये प्रेक्षकांशी गप्पा. सईला वाटलं, दुपारचा म्हणजे पुढचा भाग असेल. तिनं सगळ्यांची तिकिटं काढली आणि म्हणाली, "आजोबा, यू हॅव टू टॉक देअर. तुम्ही सांगायचं सगळ्यांना!"

त्या दिवसापासून ह्यांच्या अंगात वारं शिरलं. काय बोलायचं ते आरशापुढं म्हणून बघायचे. इथं आल्यापासून ह्यांना कुणी कधी काही विचारलंच नव्हतं हो. हवापाणी आणि गुडघे, यापलीकडे विषय नाही. आता एक अख्खं थिएटर ऐकणार होतं.

जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. नोव्हायहून टोलेडोपर्यंत तासाभराचा हायवे, ट्रकांची गर्दी भारी. पुढे ओहायो सुरू झालं की दोन्ही बाजूंना वाळलेला मका आणि मधूनच लाल कोठारं. टोलच्या रस्त्यानं गेलात तर विश्रांतीची ठिकाणं स्वच्छ आहेत, बाथरूममध्ये गरम पाणीसुद्धा. आडरस्त्यानं गेलात तर गावं दिसतात, दारोदार भोपळे मांडलेले. आम्ही आडरस्त्यानं गेलो. सूनबाईची शनिवारी ड्यूटी होती, म्हणून गाडीत आम्ही चौघंच.

"अण्णा, तिथं थोडक्यात बोला हं," नितीन गाडी चालवता चालवता म्हणाला. "इथले लोक टाइमाचे पक्के असतात."

"मी काय कीर्तन लावणार आहे का?"

"तसं नाही. म्हणजे... जस्ट दोन वाक्यं."

"दोन तर दोन. पण माझी."

बाहेरचं खाणं थिएटरात चालत नाही, म्हणून पार्किंगमध्येच थालीपीठ आणि लोणचं खाऊन घेतलं. पार्किंग फुकट आहे. मात्र या खाण्यापायी उशीर झाला, सुरुवातीचं प्रास्ताविक हुकलं आणि अंधारात चाचपडत खुर्च्या गाठाव्या लागल्या. तुम्ही जाल तर ही चूक करू नका. शालही न्या, आत थंडी असते.

थिएटर मात्र बघण्यासारखं. लाल मखमली पडदा, छताला चांदण्या रंगवलेल्या. राक्षसाचं चित्र असलेले शर्ट घालून माणसं आलेली, चाळिशीचे बाप्ये शेपट्या लावून. मला गंमत वाटली. जत्रेत आणि इथं फरक काय तर पॉपकॉर्नचा वास.

सिनेमा सुरू झाला. जपानी भाषा, खाली इंग्रजी अक्षरं. मी अक्षरं वाचत होते. हा आमचा सिनेमा नव्हताच. तेच शहर, तेच जनावर, पण हे दुःखाचं चित्र होतं. रेल्वेच्या डब्यातून जाणारी माणसं बॉम्बबद्दल बोलत होती, आत्ता कुठं त्यातून वाचलो म्हणत होती. आगीत एक आई पोरांना कुशीत घेऊन बसलेली, आता आपण तुमच्या बाबांकडे जाणार, अशी त्यांची समजूत घालत. माझ्या डोळ्याला पाणी लागलं.

हे मात्र खुर्चीत चुळबुळत होते. "अगं, बातमीदार कुठाय?"

"येईल हो."

"आत्तापर्यंत यायला पाहिजे होता. पहिल्याच रिळात असतो तो." जरा वेळानं पुन्हा. "या थिएटरवाल्यांनी रिळंच्या रिळं उडवलीत. हावरटपणा बघ, खेळ लवकर संपवायला!"

बातमीदार शेवटपर्यंत आला नाही.

दिवे लागले. एक दाढीवाला भला गृहस्थ माईक घेऊन पुढं आला, लोकांची मतं विचारू लागला. सईनं हात वर केला आणि सांगितलं, माझ्या आजोबांनी हा सिनेमा भारतात तंबूत दाखवलाय. सगळं थिएटर मागं वळलं. दाढीवाला तर धावतच आला, ह्यांच्या हातात माईक दिला. किती वर्षांनी ह्यांच्या हातात माईक! हे ताठ उभे राहिले. शेजारी नितीन.

हे म्हणाले, "रामराम मंडळी. मी हा सिनेमा शेकडो वेळा चालवलाय. मशीनवाला म्हणून सांगतो, राग मानू नका. तुमचं चित्र अर्धवट आहे. गोऱ्या बातमीदाराचा सगळा भाग कुणीतरी कापलाय. ज्यानं कापला त्याला विचारा, का कापला?"

मग नितीनकडे बघून मान हलवली, सांग म्हणून.

नितीननं घसा साफ केला आणि हसऱ्या चेहऱ्यानं इंग्रजीत बोलला. त्याचं मराठी असं: माझे वडील म्हणतात, हा सिनेमा त्यांनी तरुणपणी भारतात दाखवला, आज इतक्या वर्षांनी तुमच्यासोबत पुन्हा बघून त्यांना फार आनंद झाला, तुमचे आभार.

टाळ्यांचा कडकडाट. काही जण उभे राहिले. ह्यांनी छातीवर हात ठेवून मान झुकवली आणि मला हळूच म्हणाले, "बघ. खरं बोललं की माणसं मानतात."

मी सईकडे बघितलं, तिचा चेहरा लालबुंद.

बाहेर लॉबीत एक मोठा फलक होता. मी आणि सईनं मिळून वाचला. सिनेमा मुळात जपान्यांचा, आपल्याच जखमेवर काढलेला. अमेरिकेत आणताना इथल्या लोकांनी त्यातला बराच भाग कापला, एका गोऱ्या नटाला घेऊन नवे प्रसंग घेतले आणि मधेमधे जोडले. बाहेरच्या देशांत गेला तो हा जोडलेला. दुपारचा खेळ त्याचाच. म्हणजे आम्ही आयुष्यभर दाखवला तो ठिगळाचा, आणि ह्यांचा लाडका बातमीदार हेच ते ठिगळ.

समोरच्या हॉटेलात आमच्या सोयीचं म्हणजे चीज सँडविच आणि बटाट्याच्या फ्राइज एवढंच. हे सगळ्या टेबलांकडे बघून हात करत होते, लोकही करत होते. कसं सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची?

दुपारचा खेळ सुरू झाला आणि पहिल्या काही मिनिटांतच बातमीदार आला. ह्यांनी माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

"लावलं बघ! मी बोललो म्हणून शोधून लावलं! याला म्हणतात अमेरिका!"

मी पडद्याकडे बघत राहिले. आता कळल्यावर सगळे जोड दिसत होते. बातमीदार ज्यांच्याशी बोलतो त्या जपानी माणसांच्या नुसत्या पाठी दिसतात. जपानी लोक काही बोलले की शेजारचा एक जण त्याला इंग्रजीत अर्थ सांगतो आणि तो गंभीरपणे मान डोलावतो. तो सांगतोय ते खरं की खोटं, त्याला काय कळणार? त्या पोरांच्या आईचं बोलणं नव्हतंच. एवढे जोड मी हातानं लावले, पण हे मला कधी दिसलं नव्हतं.

परतीच्या वाटेवर हे फुललेले. "नितीन, विट्याला आपल्या तंबूवाल्या दत्तूला फोन लाव. म्हणावं, अमेरिकेतल्या लोकांची चूक काढली आणि त्यांनी माझ्यादेखत दुरुस्त केली!"

"घरी गेल्यावर लावू, अण्णा."

मागच्या सीटवरून सई फुटली. "डॅड, टेल हिम! दॅट्स नॉट व्हॉट ही सेड अँड यू नो इट!"

हे वळले. "काय म्हणते ती?"

नितीन रस्त्याकडे बघत राहिला. "काही नाही, अण्णा. दमलीये."

"आजोबा, बाबांनी... बाबांनी तुमचं नाही सांगितलं. वेगळं सांगितलं," सई तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली आणि रडायला लागली.

हे माझ्याकडे वळले. "तुला इंग्रजी येतं. तू सांग."

मी सांगितलं. नितीन काय बोलला ते शब्दाला शब्द, आणि मग फलकावरचंही. बातमीदार ठिगळाचा, हेसुद्धा. आत काही ठेवलं नाही.

मका मागं पळत होता. नितीन म्हणाला, "लोक हसले असते, अण्णा. सगळे एक्स्पर्ट बसलेले तिथं. तुमचं चुकत होतं. तुमचं हसं होऊ नये म्हणून केलं मी."

"हसू दे की. रीळ तुटल्यावर पडद्यावर चपला यायच्या. मी हसण्याला भितो होय?" ह्यांचा आवाज चढला नव्हता. "त्या दाढीवाल्यानं मला सांगितलं असतं, बाबा, तुझं चुकतंय, खरं असं असं आहे. मी त्याला विचारलं असतं. दोन गोष्टी बोललो असतो आम्ही. तू मला चुकूसुद्धा दिलं नाहीस."

"आणि तुम्ही तंबूत काय करायचात? माईकवर मनाला येईल ते सांगायचातच ना? बातमीदार कधी 'पळा रे' म्हणाला होता?"

मी डोळे मिटून घेतले. आपलेच दात, आपलेच ओठ.

"खरं आहे," हे म्हणाले. "पण तो पडद्यावर होता, नितीन. मी तुझ्या शेजारी उभा होतो."

टोलेडो आलं, गेलं.

आता तुम्ही विचाराल, काकू, जावं का? जावं. ते गाव गोड आहे, थिएटर जपण्यासारखं आहे. सकाळचा खेळ आधी बघा, मग दुपारचा, म्हणजे काय काढलं आणि काय घातलं ते दिसेल. पण घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बोलायला उभं करणार असाल, तर त्याचं वाकडंतिकडं आहे तसं पुढं पोचवा. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण मूठ ज्याची त्यानं झाकायची असते.

सईनं त्या दाढीवाल्याला ईमेल करायचं म्हटलं. हे नको म्हणाले. दत्तूला फोनही लावला नाही. नितीन वाईट मुलगा नाही हो. सकाळी ह्यांच्या बुटांवरचं बर्फ झाडून ठेवतो, अजूनही. पण त्याच्या आणि ह्यांच्यामध्ये आता काहीतरी बसलंय, आणि माझ्याकडे ते जोडायचं औषध नाही.

गेल्या आठवड्यात तो ह्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. परत आल्यावर मी तेल घेऊन बसले, तर उजव्या गुडघ्याला पट्टा बांधलेला.

"अहो, दुखतोय तर डावा!"

"हो, डावाच."

"मग डॉक्टरला उजवा का सांगितलात?"

"मी कुठं सांगितला? नितीननं सांगितला."

नितीन दारातच उभा होता. "अण्णा, मी तिथं कितीदा विचारलं तुम्हाला, कुठला दुखतोय म्हणून."

"आणि मी तितक्यांदा सांगितलं," हे म्हणाले, "तुला बरं दिसेल तो सांग."