हा राखणदार कोन हाय?

अकोल्यात आमच्या घरी वडील वकील, आणि मी मेलेल्या मशिनींचा डॉक्टर. निदान लग्नाकार्यात मी स्वतःची ओळख तशीच करून द्यायचो. कॉम्प्युटर अचानक कोसळला की मरता मरता आपल्या मेमरीची एक प्रत डिस्कवर टाकून जातो, तिला क्रॅश डम्प म्हणतात. तो उघडून वाचायचा एक प्रोग्राम असतो. त्यात 'नेट' अशी आज्ञा दिली की शेवटच्या क्षणी नेटवर्कची काय हालत होती ते समोर येतं. मला हे सगळं येतं, आणि याचा मला भारी माज होता.

अमरावतीच्या एका फूलबाजारात सकाळचा लिलाव कॉम्प्युटरवर चालायचा. सर्व्हर मी बसवलेला. तो एकाच आठवड्यात तीनदा भर लिलावात पडला. शेवंती टोपल्यांत सुकू लागली आणि आडते माझ्या नावानं बोटं मोडू लागले. मी एसटीनं पोचलो, डम्प उघडला, वरचं सगळं सोडून थेट नेटवर्क पाहिलं. नेटवर्क कार्डावर, म्हणजे वायर जिथं लागते तिथं, जोडणी नव्हती. झालं! मी चारचौघांत जाहीर करून टाकलं की कोणीतरी वायर काढली होती, म्हणून सर्व्हर पडला.

वायर ज्या टेबलाखाली होती, त्या टेबलाशी एक ताई बसायच्या. भातकुलीच्या, घरचा फुलांचा मळा, आणि इथं बोली टाइप करायचं काम. म्या वायरले हात बी नाही लावला, असं त्या दोनदा म्हणाल्या. मी हसून म्हटलं, ताई, मशीन खोटं बोलत नाही. बाजाराच्या सेक्रेटरीसाहेबांनी त्यांना तिथल्या तिथं खुर्चीवरून उठवलं आणि उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. मी तेव्हा आलुबोंडा खात होतो. तो पूर्ण खाल्ला, याची मला आजही लाज वाटते.

रविवारी दुपारी जेवताना हा पराक्रम मी वडिलांना रंगवून सांगितला. त्यांनी एवढंच विचारलं, त्या बाईचं म्हणणं ऐकून घेतलं काय? मी म्हटलं, बाबा, पुरावा आहे. मग दाखव, म्हणाले. लॅपटॉप ताटाशेजारी ठेवून मी सवयीनं नेटवर्कच्या यादीवर उडी मारली, तर त्यांनी माझा हात धरला. उभा जन्म कोर्टात गेलेला माणूस. कागद कोणताही असो, अगदी लग्नपत्रिका असली तरी पहिल्या ओळीपासून वाचणार.

वैतागून वरून वाचू लागलो. मशीनचं नाव, कोसळल्याची वेळ, मेमरी किती, कोसळताना कोणता प्रोग्राम चालू होता. सगळं कॉम्प्युटरच्या इंग्रजीत, त्यांना ढिम्म कळत नव्हतं. एकच शब्द त्यांच्या ओळखीचा निघाला.

"हा राखणदार कोन हाय?"

मी ताट बाजूला सारलं. राखणदार माझा होता. नेटवर्क मंदावलं की कार्ड बंद करून परत चालू करणारा छोटासा प्रोग्राम मी लिहिला होता आणि मोठ्या हौसेनं त्याचं मराठी नाव ठेवलं होतं. लिलावाच्या गर्दीत नेटवर्क मंदावायचं, हा पठ्ठ्या कार्ड बंद करायला धावायचा, आणि त्या धक्क्यानं अख्खी मशीन कोसळायची. मग यादी नीट पाहिली. वायर निघाली असती तर कार्ड चालू पण जोडणी नाही, असं दिसलं असतं. इथं कार्डच आतून बंद केलेलं होतं. दोन्ही खुणा शेजारीशेजारी होत्या, मी शहाण्यानं एकच वाचली. कुंपणानंच शेत खाल्लं होतं, आणि मी दुसऱ्याच्या ढोरांना काठी घालून आलो होतो.

वडिलांनी शांतपणे वरण वाढून घेतलं. मले नको सांगू, म्हणाले, तिले सांग.

सोमवारी सकाळी अमरावतीला गेलो. सेक्रेटरीसाहेबांना केबिनमध्ये हळू आवाजात सगळं सांगितलं. ते ताईंना परत घ्यायला तयार झाले. ताई गेटजवळ घरच्या शेवंतीची टोपली घेऊन बसल्या होत्या. मी माफी मागितली. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही.

"त्या दिशी सगळ्याइच्या समोर बोलले ना, सर? मंग आज बी सगळ्याइच्या समोर बोला."

मी लिलावाचा माइक हातात घेतला. ताईंनी वायर काढली नव्हती, मशीन माझ्याच प्रोग्रामनं पाडली, ते पहिल्याच पानावर लिहिलेलं होतं आणि मी ते वाचलं नाही, असं सगळं बोलून टाकलं. एका आडत्यानं विचारलं, मंग एवढं शिकून राहिला होता काहून? बाजार हसला.

राखणदार काढून टाकला, सर्व्हर सुरू केला. ताई आपल्या खुर्चीवर येऊन बसल्या. कीबोर्डवरची धूळ पदरानं पुसली, मग मागे सरकून टेबलाखाली बोट दाखवलं.

"पाहून घ्या, सर. लागून हाय काय ते."

सगळे बघत होते. मी गुडघे टेकले, वाकलो आणि पाहिलं. वायर लागून होती.