चारशे बारा फोटो

आमच्या भटवाडीतल्या इमारतीत सहदेव परबांना सगळे मीटरकाका म्हणतात. वीज कंपनीसाठी तेहतीस वर्षं ते घाटकोपरच्या जिन्यांखाली टॉर्च मारून मीटरचे आकडे टिपत फिरले. एकही रीडिंग चुकलं नाही, याचा त्यांना अभिमान होता.

निवृत्तीनंतर काचबिंदू निघाला. गेलेली नजर परत येणार नाही आणि उरलेलीही फार टिकणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तेव्हापासून काकांनी एकच गोष्ट मनात धरली. मुलगी रुचिरा लग्न होऊन ऑकलंडला गेली होती. पहिलीच्या गणवेशापासून लग्नापर्यंतचे तिचे फोटो टीव्हीवर एकदा सलग, क्रमाने बघायचे.

फोटो चारशे बारा होते, पण तारखेने लावायची सोय नव्हती. काम झालं की काका कॅमेऱ्यातले सेल काढून भिंतीवरच्या घड्याळात घालत. त्यामुळे दर वेळी कॅमेऱ्याची तारीख पुसली जाई आणि सगळे फोटो एक जानेवारीचेच निघाले. मी खालच्या मजल्यावर राहतो, कॉम्प्युटर इंजिनीयर आहे. जूनमध्ये मी त्यांना जुना लॅपटॉप दिला. म्हटलं, "फोटोंना नंबर टाका, टीव्ही त्या क्रमाने दाखवेल."

"शून्य शून्य एक लिहू की नुसता एक?" त्यांनी विचारलं. "मीटरवर पुढे शून्यं असतात, पण वहीत आम्ही सोडून द्यायचो."

"नुसता एक लिहा, काका. शून्यं कशाला?"

मी मोबाईल बघत बोललो होतो.

दिवाळीत विचारलं तर म्हणाले, "चाललंय." फेब्रुवारीत काकांच्या पत्नी नलिनीकाकू खाली आल्या. "जरा वर ये रे. मी बोलावलं म्हणून सांगू नको."

"काय झालं?"

"तीनदा केलं त्यांनी. पहिल्यापासून! भिंग लावून, एकेक फोटो. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला की सगळं उलटसुलट. म्हणतात, माझेच आकडे चुकतायत."

मी वर गेलो. काका खिडकीजवळ बसले होते. मांडीवर भिंग, बाजूला तीन वह्या. वहीतले आकडे सुरुवातीला नेटके, शेवटी ओळ सोडून गेलेले.

"ये रे इंजिनीयर. हिने बोलावलान ना तुका?"

"मी कशाला बोलावू? तोच आला," काकू म्हणाल्या.

"इतक्या वर्षांच्या संसारात खोटा बोलूक शिकलंस नाय गो तू."

मी टीव्ही लावला. पहिल्या फोटोत रुचिरा पहिलीच्या गणवेशात. दुसराही तेव्हाचाच. तिसऱ्यात एकदम सातवीतली, दोन वेण्या. मग आणखी नऊ फोटो सातवीचे आणि पुन्हा पहिलीचा गणवेश. मी लॅपटॉप उघडला. तिथे सगळं सरळ होतं. एक, दोन, तीन, चार. तीनही वेळा काकांनी एकसुद्धा आकडा चुकवला नव्हता. त्यांचा टीव्ही पूर्ण आकडा न वाचता डावीकडून एकेक अंक बघून एकानंतर दहा घेत होता, दहानंतर शंभर. पुढे शून्यं हवी होती.

"काका, चूक तुमची नाही. माझी आहे. शून्यं लिहायला हवी होती. तुम्ही विचारलं होतं."

काकांनी चाचपत पहिली वही उचलली. मग म्हणाले, "म्हणजे पहिल्या वेळी पण बरोबर होतं?"

"हो."

"पहिल्या वेळी मला दिसत होतं रे."

सगळ्या नावांपुढे शून्यं लावायला मला दोन मिनिटं लागली. पेनड्राइव्ह पुन्हा टीव्हीला लावला. पहिली, दुसरी, गणपतीतली फुगडी, गावच्या अंगणातलं दात पडलेलं हसू. सगळं ओळीने येऊ लागलं. काकांनी चेहरा टीव्हीच्या थोडा डावीकडे वळवला होता.

"आता तिने परकर घातलाय," काकू सांगू लागल्या. "आता..."

"सांगू नको गो. उजेड बदलता, तेवढा कळता माका."

साठ-सत्तर फोटो असेच गेले. रुचिरा अजून तिसरीतच होती.

"सरळ चाललंय ना?" काकांनी मला विचारलं.

"हो काका. एकदम सरळ."

"मग बंद कर. मीटर फिरतोय."