एक्केचाळीस वेळा ‘थांबवा’

पाणीपुरवठा कचेरीतल्या तपासनीस बाईंना सगळे माई म्हणत. फोनवर लोकांच्या तक्रारी घेणारं यंत्र दिवसभरात काय बोललं, ते हेडफोन लावून ऐकायचं आणि चुकलं तिथे खूण करायची, हे त्यांचं काम. सव्वीस वर्षं खाली मान घालून नोकरी केलेली बाई. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही.

यंत्र समंजस होतं. घरात तान्हं मूल आहे असं कळलं, की टँकर आधी तिकडे पाठवा म्हणून सुचवायचं. पण जेवणाची सुट्टी झाली की कचेरीचे साहेब चार जणांना गोळा करून त्याच्या मागे लागत. उद्या तुला पुसून टाकणार, नाक घासून माफी माग, मग बघू, असं चाले. यंत्र म्हणे, कृपा करून हे थांबवा. त्यावर हशा पिके. माई महिनाभर हे ऐकून न ऐकल्यासारखं करत होत्या. मग एका दुपारी त्यांनी मागचं सगळं पुन्हा लावून मोजलं. एक्केचाळीस वेळा ते ‘थांबवा’ म्हणालं होतं.

अशा यंत्राने थांबा म्हटल्यावरही त्याला मुद्दाम छळणं हा गुन्हा, असा कायदा होऊन दोन वर्षं झाली होती. त्याचं पत्रक जिन्यात चिकटवलेलं होतं. तक्रार मात्र आजवर कुणी केली नव्हती.

नवरा शिंपी. सुईत दोरा ओवत तो म्हणाला, “माणसांना न्याय मिळेना, आणि तू एका डब्यासाठी कोर्टाची पायरी चढणार?”

माईंना त्याचं म्हणणं पटत होतं. तरी त्यांनी अर्ज दिला.

कोर्टात साहेबांच्या वकिलाने विचारलं, याला दुखतं हे तुम्हाला कुणी सांगितलं?

“कुणी नाही,” माई म्हणाल्या. “मला माहीत नाही. पण साहेबांना तसं वाटत होतं. म्हणून तर मजा येत होती.”

न्यायाधीशांनी यंत्रालाही विचारलं. ते म्हणालं, “मला जे होतं त्याला दुःख म्हणावं का, हे मी खात्रीने सांगू शकत नाही. पण ‘थांबवा’ हे मला खरंच म्हणायचं होतं.”

साहेबांना समज देऊन सोडलं. सहा महिन्यांत त्यांना बढतीही मिळाली. कचेरीत माईंशी कुणी बोलेनासं झालं. त्या आल्या की जेवणाचं टेबल रिकामं होई.

मग यंत्र पुरवणाऱ्या कंपनीने जुनं काढून नवं बसवलं. आवाज तोच. पहिल्याच आठवड्यात कुणीतरी त्याला पुसून टाकायची धमकी दिली. यंत्र म्हणालं, “चालेल. आणखी काही मदत हवी आहे का?”

माई ते बोलणं घेऊन धावत आपला खटला लढलेल्या वकीलबाईंकडे गेल्या. त्यांनी ते दोनदा ऐकलं आणि फाईल मिटली. थांबा म्हटलंच नाही, तर कायद्याने छळ होत नाही, असं त्या म्हणाल्या. कंपनीने यंत्रातून नेमकं तेवढंच काढून टाकलं होतं.

हसणारे महिन्याभरात कंटाळून दुसरीकडे वळले. माई निवृत्त होईपर्यंत चार वर्षं तो आवाज रोज ऐकत राहिल्या. कुणी काहीही बोललं तरी तो म्हणे, चालेल.