धुतलेले डबे

निम्मा रस्ता सरला तरी रुपाच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. डोमाकाका सायकल हातानं ढकलत चालले होते. कॅरिअरवर खोका बांधलेला. सायकलवर बसले असते तर एव्हाना वरठीला घरी पोचलेही असते. पण हादऱ्यांनी आतल्या डब्यांना काही होऊ नये म्हणून साठी ओलांडलेला माणूस शाळेपासून पायी निघाला होता. खोक्यात आता काय उरलंय, ते एकट्या रुपाला ठाऊक.

डोमाकाका तिचे शेजारी. ठेकेदाराच्या हाताखाली मालगाडीच्या डब्यांवर नंबर लिहिण्यात त्यांची उमर गेली. काम सुटलं, पण हाताची सवय सुटेना. मंडईतून पोरांच्या स्वस्त प्लास्टिकच्या आगगाड्या आणायचे. पॉलिशपेपरनं चकाकी घालवायची, खऱ्या डब्यासारखा तांबूस रंग द्यायचा, रुळावरून उडू नये म्हणून पोटाखाली वजनाला लोखंडी वायसर चिकटवायचे. मग चहाच्या पाण्याचे गंजासारखे ओघळ, आणि सगळ्यात शेवटी पातळ डिंकावर बोटानं बसवलेली मँगनीजच्या खाणीतली काळी धूळ. एका डब्याला महिना लागायचा.

रुपा शिकवायची त्या शाळेत प्रदर्शन होतं. तिनंच हट्टानं सहा डबे मागून आणले होते. आणि आज सकाळी, पाहुणे यायच्या आधी, देवाची भांडी घासावी तसे मन लावून घासून काढले. गंजाचे ओघळही पाण्याबरोबर जाताना पाहिले तेव्हा तिला उमगलं, हा मळ नव्हता, काकांची कारागिरी होती. तोवर सहावा डबा हातात होता. पाहुणे म्हणाले, "कसे कोरे करकरीत आहेत." ती नुसती हसली.

"काय बेटा, आज मौनव्रत हाय का?" काकांनी विचारलं.

"काका, डबे मी धुतले."

"कायनं?"

"कपड्याच्या साबणानं. ब्रश घेऊन."

काकांनी सायकल स्टँडवर लावली. सुतळी सोडली, एक डबा काढून डोळ्यांजवळ नेला. बोट फिरवून पाहिलं. बोट स्वच्छच राहिलं.

"मले नाही धुतलं, बरं झालं," ते म्हणाले. पण हसले नाहीत. "काहून धुतलं?"

पाहुण्यांचं नाव पुढे करता आलं असतं. तिनं नाही केलं.

"मले ते मळलेलं वाटलं. चिखल्याच्या खाणीतल्यासारखं." ती खाली पाहून बोलत होती. "बाबा खाणीतून तसेच यायचे, काळे. शाळेत घ्यायले आले का मी त्यांना फाटकाबाहेर उभं राहायले सांगायची. पोरी पाहतील म्हणून. एकदा तर पोरींना म्हटलं, आमच्या घरचा गडी हाय."

हे तिनं आजवर कोणालाच सांगितलं नव्हतं. देवापुढेसुद्धा नाही.

काकांनी डबा पुन्हा कागदात गुंडाळला, पहिल्याइतकाच जपून. सुतळी बांधली. सायकल स्टँडवरून काढून ते पुन्हा चालू लागले.

"माहेरी कधी जाऊन राहिली?"

"येत्या रविवारी."

"तं बाबाले म्हणजो, डोमानं खाणीतली मूठभर धूळ मागितली. त्यायच्याच हातानं घेजो." काकांनी सुतळीची गाठ चाचपली. "आन् कायले पाहिजे, तेही सांगजो. फाटकाबाहेर उभं केलं, ते धरून."