मन्मथचे खोटे तारे

मन्मथ गेला तेव्हा आमचं भांडण चालू होतं. नांदेडला माझ्या कॉलेजात परीक्षा होती, मी हॉलमध्ये पर्यवेक्षक म्हणून फिरत होतो. खिशातला फोन थरथरला. त्यावर त्याचं नाव दिसलं, म्हणून मुद्दामच उचलला नाही. म्हटलं, पुन्हा तेच ऐकवणार. दुसऱ्यांदा आला तेव्हा व्हरांड्यात जाऊन चढ्या आवाजातच बोललो, "बोल बाबा, आता काय राहिलं?" पलीकडे सुवर्णा वहिनी होत्या, त्याची बायको. "भाऊजी, हे गेले..." एवढंच म्हणाल्या. सकाळी आंघोळ करून लिंगपूजेला बसता बसता छातीत कळ आली आणि लातूरच्या घरातच सगळं आटोपलं.

माती त्याच्या गावी, शिरूर अनंतपाळला होती. आम्ही कंधारकडचे शेतकरी, आमच्यात जाळतात. ते लिंगायत, त्यांच्यात बसवून पुरतात. कपाळाला विभूती, गळ्यात हार, मांडी घातलेली, पाठ ताठ... अगदी कॉम्प्युटरपुढे बसायचा तसाच तो बसला होता. मला हुंदका आला आणि त्याच वेळी संतापही आला. इतका तयारीत बसलास, मग पेपर पाठवायला काय धाड भरली होती?

भांडण त्या पेपरवरूनच, म्हणजे आमच्या दोघांच्या शोधनिबंधावरूनच होतं. आपल्या आकाशगंगेच्या शेजारी एक लहानशी दीर्घिका आहे. अवकाशातल्या नव्या दुर्बिणीने तिचे फोटो काढले आणि पूर्वी जिथे नुसता दुधाळ डाग दिसायचा तिथे एकेक तारा सुटा दिसायला लागला. हे फोटो काही काळाने सगळ्या जगासाठी खुले होतात. लातूरच्या खोलीत बसूनही उतरवून घेता येतात. आम्ही दोघं त्यातले तारे एकेक करून मोजत होतो. कुणाचं तेज किती, कोण तरुण, कोण म्हातारा, असं. आणि त्या दीर्घिकेच्या कडेला, जिथे कुणाला अपेक्षा नव्हती तिथे, आम्हाला कोवळ्या ताऱ्यांचा एक घोळका सापडला. सगळ्यांनी म्हातारी म्हणून सोडून दिलेली बाई अजून बाळंत होत होती! आयुष्यात एकदाच असं काही हाती लागतं. फोटो खुले होते, उद्या दुसऱ्या कुणाला तेच दिसलं असतं तर आम्ही बसलो असतो हात चोळत. पेपर लिहून तयार होता. आणि मन्मथ म्हणत होता, "आजून एकदा."

हे 'आजून एकदा' काय प्रकरण होतं ते सांगायला हवं. गर्दीतले तारे मोजताना काही सुटतातच. मंद असतात, किंवा शेजारच्याच्या उजेडात बुडतात. किती सुटले हे कळावं म्हणून या धंद्यातली माणसं एक युक्ती करतात. फोटोत आपल्याच हाताने खोटे तारे टाकायचे. त्यांची जागा आपल्याला माहीत, तेज माहीत. मग मोजणाऱ्या प्रोग्रामला म्हणायचं, शोध आता. आपण टाकलेल्यातले जेवढे हुकले, त्यावरून खऱ्यातले किती हुकले असतील याचा अंदाज बांधायचा. तेही एकदम टाकायचे नाहीत, नाहीतर गर्दी आपणच वाढवतो. थोडे टाकायचे, शोधायचे, काढायचे, पुन्हा थोडे टाकायचे. कुणीही शहाणा माणूस हे एकदा करतो आणि पुढे जातो. मन्मथ हे सारखंच करत बसायचा.

नांदेडला एमएस्सीला आम्ही एका बाकावर होतो. त्याचे वडील, आप्पा, लातूरच्या आडत बाजारातले व्यापारी. पोत्यात टोकदार नळी खुपसून मूठभर तूर काढायचे, तळहातावर फिरवायचे आणि अख्ख्या पोत्याचा भाव सांगायचे. त्यांच्या पोटी हा दाणान् दाणा मोजणारा निपजला. "मूठ बघून पोतं कळत नसतं आप्पा," असं त्याने एकदा भर दुकानात वडिलांना सांगितलं होतं. आप्पा म्हणाले, "मग मोजत बस. सांज होईल आन् गिऱ्हाईक जाईल." मी मनातल्या मनात आप्पांच्या बाजूने होतो आणि आजही आहे.

माझ्या मुलीच्या लग्नातलीच गोष्ट घ्या. कंधारला मांडवात पंगती उठत होत्या, माणसं चिक्कार झालेली, मी खुशीत. म्हटलं, "मन्मथ, बघ किती लोक जेवले." तो म्हणाला, "जेवायचे किती राहिले ते सांग." मी हसण्यावारी नेलं. हा गेला मांडवामागे आणि तिथे उपाशी बसलेल्या हलगीवाल्यांना घेऊन आला. तोवर पुऱ्या संपलेल्या. माझ्या बायकोने नव्या शालूवर पदर खोचून पुन्हा कढई चढवली आणि मला जे ऐकवलं ते इथे छापण्यासारखं नाही. हलगीवाले जेवले हे उत्तमच झालं. पण पाहुण्याने यजमानाला असं उघडं पाडावं का?

तरी पूर्वी तो एवढा अडेलतट्टू नव्हता. त्याला कारण झालं ते तो लातूरला शिकवायचा त्या कॉलेजातल्या सत्काराचं. तेव्हा आम्ही जुन्या अवकाश दुर्बिणीच्या फोटोंवर काम करायचो. एक दिवस तो फोनवर ओरडलाच, नवा तारकापुंज सापडला! प्राचार्यांच्या कानावर गेलं. आधीच लातूर म्हणजे निकाल आणि सत्कार यांवर जगणारं गाव. लगेच मांडव पडला, शाल आली, श्रीफळ आलं, फेटा आला. मी नांदेडहून आलो, आप्पा पहिल्या रांगेत पांढरंशुभ्र धोतर नेसून बसले. मन्मथ फेटा बांधून माईकपुढे उभा राहिला आणि म्हणाला, "हे तारे खरे न्हाईत. मीच टाकले होते. काढायचे राहिले."

सकाळी निघता निघता त्याला शंका आली होती आणि तपासल्यावर कळलं, चाचणी केलेला फोटो मूळ फोटोच्या जागी साठवला गेला होता. स्वतःच पेरलेलं स्वतःच शोधून काढलं होतं गड्याने. मला कानात सांगितलं असतं तर प्राचार्यांना गाठून काहीतरी निस्तरता आलं असतं. पण नाही, माईकवरून! मला खुर्चीत मेल्याहून मेल्यासारखं झालं. परतताना रिक्षात आप्पा म्हणाले, "भेसळ सगळ्यांच्याच हातून व्हते. गिऱ्हाइकाला सांगणारा व्यापारी म्या आज पहिल्यांदा पाह्यला." मन्मथ ढसाढसा रडला.

दुधाने पोळलेला ताक फुंकून पितो म्हणतात. हा तेव्हापासून पाणीही फुंकून प्यायला लागला. नव्या पेपरच्या वेळी मी हात टेकले. त्या कोवळ्या घोळक्याची चाचणी केली, घोळका खरा निघाला. पुन्हा केली, खरा निघाला. जुना फोटो, नवा फोटो, सगळं ताडून पाहिलं. "आता तरी पाठव," म्हटलं. तर म्हणतो, "तू लई घाई करून राहिलास. ह्या टायमाला मंद तारे जरा जास्ती टाकू." शेवटच्या फोनवर मी म्हणालो, "मन्मथ, तू मरशील आणि पेपर तसाच राहील." तो हसून म्हणाला, "राहू दे की. पण खोटा न्हाई जायचा." असं बोलायला नको होतं हे खरं. पण असं बोलायची वेळ त्यानेच आणली होती, हेही तितकंच खरं आहे.

तो गेल्यावर काही आठवडे मी त्या कामाला हात लावला नाही. मग एका रविवारी रागारागातच बसलो आणि पेपर पाठवून दिला. त्याचं नाव पहिलं, माझं दुसरं. पण नियतकालिकाकडून प्रत्येक लेखकाला आपोआप मेल जातो, तुमची संमती आहे का म्हणून, आणि ती आल्याशिवाय पेपर पुढे सरकत नाही. हे माझ्या ध्यानातच आलं नाही. संध्याकाळी वहिनींचा फोन आला. "भाऊजी, ह्यांच्या मोबाईलवर इंग्रजीत कायतरी आलंय. हो का न्हाई, विचारून राहिलंय. काय दाबू?"

"हो दाबा," मी म्हणालो.

वहिनींनी विचारलं, "हे हो म्हणले असते का?"

खोटं बोलणं सोपं होतं. तोंडावर आलंही होतं. पण त्याच्या नावावर... नाही जमलं. "न्हाई वहिनी. तो म्हणला असता, आजून एकदा."

"तसंच वाटलं मला. तो कम्प्युटर आजून चालू हाय. जायच्या आदल्या दिवशी ह्यांनी लावून ठिवलंय. मी बंद न्हाई केला."

दुसऱ्या दिवशी लातूर गाठलं. खोलीत उदबत्तीचा वास होता, खुर्चीवर त्याचा टॉवेल तसाच. टेबलाखालचा तो जुना डबा घरघरत होता. मंद तारे टाकत होता, शोधत होता, काढत होता. अजून किती फेऱ्या बाकी आहेत ते पाहून मी कपाळाला हात लावला. वहिनींनी लाइट गेली तर म्हणून इन्व्हर्टर त्यालाच जोडून ठेवला होता, स्वतः पंख्याशिवाय राहत होत्या. मी त्यांना परोपरीने समजावलं. निकाल तोच येणार, घोळका खरा आहे, दुसरं कुणी आधी छापलं तर मन्मथचं नाव जाईल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "हे संपू द्या. मग हो मी दाबते." नवरा गेला, हट्ट मात्र घरातच ठेवून गेला.

आता रोज संध्याकाळी मी नांदेडहून फोन करतो. "संपलं का वहिनी?" त्या आत जाऊन पाहून येतात. "न्हाई भाऊजी. चालूच हाय." आणि ते ऐकून मला बरं वाटतं. मन्मथ, सगळ्यात जास्त राग मला याचाच येतो.