चाक मांडीवर घेऊन बसलेले वामनभाऊ

वामनभाऊंची आणि माझी ओळख भांडणातून झाली. कॉलेज मधेच सोडलं होतं आणि माजरीकडच्या बंद खाणीच्या मातीच्या डोंगरावरून मी सायकल सुसाट सोडत होतो. मधल्या वळणावर एक गृहस्थ फावड्याने वाट सारखी करत होते. "सरका!" म्हणून ओरडलो. ते हलले नाहीत, मीच बाभळीत घुसलो. माझ्या पाठीतले काटे काढत ते म्हणाले, "ब्रेकले रबर नाई, अन् आवाज केवढा! उद्या ये, रबर देतो."

डोंगरउताराच्या सायकल शर्यतींवर पोट भरणारे आमच्या भागातले हे पहिले गृहस्थ. यंदा ते साठीत आले. खाणीतली फिटरची नोकरी सोडून ते हिमाचलपर्यंत शर्यती खेळले, दोनदा खांदा मोडून घेतला. "तुमच्याकडे डोंगर कुठी आहे?" असं कोणी हसलं की म्हणायचे, "आहे ना, खाणीनं करून देल्ला!" शेवटच्या मोठ्या शर्यतीत ओल्या वळणावर त्यांनी ब्रेक दाबला आणि हाताशी आलेलं पदक गेलं. हेही ते स्वतःच सांगतात.

रबर घ्यायला गेलो आणि इतर पोरांसारखा मीही त्यांच्याकडे शिकू लागलो. आमच्या सायकली पुढचं चाक काढून टेम्पोने माथ्यावर जातात. तिथे भाऊ एकेकाला विचारतात, "जेवला? झोपला?" उत्तर पटलं तरच चाक हाती देतात.

गेल्या वर्षी राज्याच्या संघाची निवड याच डोंगरावर होती. माझं प्रणालीवर प्रेम होतं; निवड झाली की तिच्या वडिलांशी लग्नाचं बोलायचं, असं मी ठरवलं होतं. सकाळीच कळलं, तिचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, दुसरीकडे ठरलं.

"जेवला?" भाऊंनी विचारलं.

"हो."

"खोटं बोलून राह्यला. पोरीचं ना?"

"चाक द्या भाऊ. आज ब्रेकले हातच नाई लावत मी."

भाऊ चाक मांडीवर घेऊन दगडावर बसले. "मंग नाई भेटत."

माझं नाव पुकारलं. माझं डोकं फिरलं. सगळ्यांसमोर ओरडलो, "तुमी भेले म्हून तुमचं पदक गेलं! आता माहं बी घालवून राह्यले!"

"हो, भेलो," भाऊ म्हणाले. "म्हून तं तुले अडवाले इथी जित्ता बसून आहो."

नाव पुन्हा पुकारलं, मग पुढच्याचं. भाऊंनी डबा उघडून माझ्यासमोर सरकवला. "खाय. शिव्या मंग दे."

निवड हुकली. प्रणाली आता नागपूरला असते. त्या दिवशी चाक मिळालं असतं तर मी खाली कसा पोचलो असतो, हे मला ठाऊक आहे. तरी राग पुरता गेलेला नाही, खोटं कशाला लिहू?

पण बोललो होतो सगळ्यांसमोर, म्हणून माफीही इथे लिहून, सगळ्यांसमोर मागतो. भाऊ, तुम्ही माफ करायला आणखी चाळीस वर्षं लावलीत तरी चालेल. तेवढी वर्षं ठणठणीत राहा.